सिनेमातली हळद

माझ्या थोरल्या भावाला पहिली हळद लागली ती सिनेमात. शाळेत शिकवत होते तेव्हा एकदा डबा खाताना मी हे सहज बोलून गेले, तर बरोबरच्या बाया पोट धरधरून हसल्या. मीही हसले. सांगायला ती गंमतच आहे. घडत होतं तेव्हा मात्र आमच्या घरात कितीतरी दिवस कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता, आणि आमची आई, जी झोपेतसुद्धा गुणगुणायची, ती भांडी घासतानाही गप्प असायची. लोकांना हसवायला निघालेल्या चार शहाण्यांनी हे करून ठेवलं. त्यांतला एक माझा सख्खा भाऊ होता म्हणून मी त्यांना शहाणे म्हणते, नाहीतर वेगळा शब्द वापरला असता.

आम्ही भिवंडीतल्या कामतघरचे. तळ्याच्या अलीकडे आमचं कौलारू घर आणि त्याला लागूनच कापड विणायच्या लूमचा कारखाना. जागा आमची, लूम दुसऱ्याचे. मधे एकच भिंत, आणि त्याच भिंतीवर आईची भांड्यांची मांडणी. शिफ्ट सुरू असली की ताटं एकमेकांना लागून किणकिणत राहायची, पिंपातलं पाणी थरथरायचं. बाहेरगावचे पाहुणे कानांवर हात ठेवायचे आणि आम्ही त्यांच्याकडे बघत राहायचो, की यांना झालं काय. तो खडखडाट आमच्या लेखी आवाजच नव्हता. आम्ही त्याच्यावरून बोलायचो, भांडायचो, पाढे म्हणायचो. शुक्रवारी लूम बंद असायचे. त्या दिवशी सगळ्या आळीत माणसं सवयीनं ओरडून बोलायची आणि मग स्वतःच दचकायची. निवांतपणा म्हणून आई शुक्रवारी चिंबोऱ्यांचं कालवण करायची, आणि पाट्यावर खोबरं वाटताना तिचं गाणं चालायचं. तिचा आवाज मोठा होता पण कर्कश नव्हता. लूम चालू असतानाही तो भिंतीपलीकडे जायचा आणि कारखान्यातले यूपीचे कामगार चहाच्या सुट्टीत मला विचारायचे, "बेटा, तुम्हारी अम्मा आज कौन से भगवान का गा रही थी?"

वडील कशेळीच्या खाडीत रेती काढायला बुडी मारणाऱ्यांतले. मी दुसरीत असताना एका दुपारी ते खाली गेले ते वर आले नाहीत. बरोबरच्या माणसांना ते तिवरांच्या बाजूला सापडले तोवर संध्याकाळ झाली होती. याहून जास्त मला कधी लिहिता आलं नाही, आजही येत नाही.

आई धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नांत हळद लागते तेव्हा धवला गायचा असतो, आणि तो येणारी बाई म्हणजे धवलारीण. हौसेनं म्हणायचं ते गाणं नव्हे. धवलारीण आधी गावदेवीला बोलावते, मग वेशीवरच्या देवांना, मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन हाक मारते, की अमक्याच्या लेकाला हळद लागते आहे, तमक्याची लेक सून म्हणून येते आहे, तुम्ही या, मांडवात बसा. भटजी अक्षतांना येतो. पण आमच्या जुन्या माणसांच्या मते लग्न लागतं ते धवल्यातच. नवरा-नवरीचं नाव धवल्यात आलं, अंगाला हळद लागली, की ते लग्न सुरू झालं, आता मागे फिरायचं नाही. आई विधवा, म्हणून तिला हळदीच्या ताटाला हात लावू द्यायचे नाहीत. धवला मात्र तिच्याच तोंडचा लागायचा. लोकांचा हा न्याय मला तेव्हाही पटला नव्हता आणि आता तर अजिबात पटत नाही. आईला मात्र त्यात काही खुपत नसे. ती मांडवाच्या कोपऱ्यात पाटावर बसायची, डोळे मिटायची, आणि तिनं तोंड उघडलं की ताटवाल्या बायका आपोआप हळू बोलायला लागायच्या. हल्ली आमच्याकडे हळदीला डीजे असतो. त्याच्यापुढे लूमसुद्धा सभ्य वाटावेत.

आता दादाकडे येते. दत्ता त्याचं नाव. कारखान्यातच ड्युटी करायचा, हाताला चपळ, अंगानं काटकुळा, आणि स्वतःला फार देखणा समजायचा. कशेळीच्या सुमनशी त्याचं ठरलं होतं. सुपारी फुटली होती, वैशाखात लग्न धरलं होतं. सुमनला तो एका जत्रेत बघून आला होता आणि तेव्हापासून घरात कशेळीशिवाय विषय नव्हता. खाडीवरून वारा आला तरी म्हणायचा, कशेळीचा वारा आहे. आईला ती मुलगी पसंत होती. "हसती पोर हाय," एवढंच ती म्हणाली होती, पण आईकडून एवढं मिळणंही पुष्कळ होतं.

कारखान्याच्या समोर अन्वरभाईंचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. गोल चेहऱ्याचा, सतत घामेजलेला, मनाचा साधा माणूस. लग्नं शूट करून करून तो कंटाळला होता आणि त्याला सिनेमा काढायचा होता. त्याच्या मेव्हण्यानं आखातातून एक कॅसेट आणली होती, विलायतेतल्या एका जगप्रसिद्ध रॉक बँडच्या कार्यक्रमाची. त्या बँडचं नाव मी इथे लिहीत नाही. त्या बिचाऱ्यांचा यात काही दोष नाही. दुकानात शटर अर्धं ओढून दादा, त्याच्या जोडीचा कामगार रफिक आणि आणखी दोघं ती कॅसेट बघत बसायचे. लांब केसांचे चार बाप्ये उड्या मारताहेत, गिटार जमिनीवर आपटताहेत, आणि समोर हजारो माणसं रडताहेत. मीही एकदा शटरखालून वाकून पाहिलं होतं. मला ती माणसं आजारी वाटली. पण आमच्या चौघांना ती कॅसेट इतकी पाठ झाली की त्यातल्या गायकानं घाम पुसला तर हेही त्याच वेळी घाम पुसायचे. एक दिवस अन्वरभाईंना सुचलं, की याच बँडची टर उडवणारा विनोदी सिनेमा काढायचा. चार लूमवाले बँड काढतात आणि जगभर गाजतात. सिनेमाचं नाव 'खटाखट पार्टी'.

तयारी मात्र त्यांनी जिवापाड केली. लूमवर जो टाकाऊ सुताचा गुंता निघतो त्याला आमच्याकडे चिंधी म्हणतात. त्या चिंधीला काळा रंग देऊन त्यांनी कमरेपर्यंत लोंबणारे केसांचे टोप केले. प्लायवूड कापून गिटारी केल्या, तेलाचे डबे ढोल झाले, सूत गुंडाळायच्या कांड्या झाल्या टिपऱ्या. दादानं टोप घालून आम्हाला तो विलायती गायक करून दाखवला. मान अशी काही झटकली की टोप उडून आमटीत पडला. आई हसली आणि म्हणाली, "जल्लं मेलं, आमटी पन विलायती झाली." त्या महिन्यात घरात खरंच मजा होती, हे मी नाकारत नाही.

सिनेमाच्या शेवटी बँडचा मुख्य गायक, म्हणजे दादा, लग्नाला उभा राहतो आणि अंगाला हळद लागत असतानाच गिटार वाजवायला लागतो, असा सीन होता. नवरी चमेली, आणि चमेलीच्या कामाला रफिक. त्याला मिशी काढायला सांगितली तर तो म्हणाला, मिशीमुळेच तर हसतील. अन्वरभाईंना हळदीत खरा धवला हवा होता. त्यांनी शंभर हळदी शूट केल्या होत्या, आईचा आवाज त्यांनी ऐकलेला होता. "भाभी गायेंगी तो पिक्चर में जान आ जाएगी," ते दादाला म्हणाले.

आईनं आधी साफ नाही म्हटलं. "लगीन न्हाय, नवरी न्हाय, मंग धवला कोनासाठी गाऊ? देवांना मस्करीला बोलवू?"

दादा तिच्यापुढे उकिडवा बसला. "आये, पुढल्या महिन्यात माझी हळद हायच ना? ही रंगीत तालीम समज. तू नुसती गा, बाकीचं आमी बघतो."

दोन दिवस तो तिच्या मागे लागला होता. शेवटी ती तयार झाली, आणि एकदा तयार झाल्यावर मात्र तिनं ते आपल्या पद्धतीनं केलं. तिथेच सगळं बिघडलं. अन्वरभाई पिवळा ऑइलपेंट पाण्यात कालवणार होते. आई म्हणाली, पोराच्या अंगाची आग होईल, आणि तिनं घरची हळद वाटली. त्यांनी मांडवाला चार बांबू उभे केले होते. आई म्हणाली, उघड्या बांबूखाली मी बसत नाही, आणि तिनं उंबराची डहाळी आणून बांधायला लावली. हळद लावायला भाडोत्री बायका आणायचं चाललं होतं, तर आमची काकू आणि भावकीतल्या चार सवाष्णी नटूनथटून आपण होऊन आल्या, सिनेमात दिसायचं म्हणून. लूमच्या आवाजात ओरडून धवला गाणार नाही असं आईनं सांगितलं, म्हणून शूटिंग शुक्रवारी ठेवलं. बघता बघता एक नवरी सोडली तर त्या मांडवात सगळं खरं होऊन बसलं.

आईला अर्धवट काही करताच यायचं नाही. स्वयंपाकाचंही तसंच होतं, पाहुणा एक असो की पन्नास, वाटण तेच. ती पाटावर बसली, डोळे मिटले आणि गावदेवीपासून सुरुवात केली. मी काकूच्या शेजारी उभी होते. देव झाले, मग आमच्या घरची गेलेली माणसं आली: आजे, पणजे, त्यांच्या बायका. आणि मग तिनं माझ्या वडिलांना हाक मारली. आमच्या घरात वडील गेल्यानंतरचं हे पहिलंच कार्य, म्हणजे पूर्वज म्हणून त्यांचं नाव धवल्यात येण्याची ही पहिलीच वेळ. एरवी आई त्यांचं नाव कधी घेत नसे, तिच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. धवल्यात चालतं. काशिनाथ, तुमच्या दत्तूला हळद लागते, चमेली सून येते, खाडीतून वर या, मांडवात बसा. तिचा आवाज जराही हलला नाही. दादा मान खाली घालून बसला होता आणि त्याच्या खांद्यावरून हळद ओघळत होती. मग अन्वरभाईंनी बोट वर केलं, दादानं प्लायवूडची गिटार उचलली, रफिक पदर सावरत नाचायला लागला, आणि मला एकदम पळून जावंसं वाटलं. का ते तेव्हा सांगता आलं नसतं.

सिनेमा लागला आमच्याच भागातल्या एका व्हिडिओ हॉलमध्ये, शुक्रवारी दुपारी. पत्र्याचं छप्पर, लाकडी बाकं, पुढे मोठा टीव्ही. दादानं कशेळीला जाऊन सासरच्यांना आमंत्रण दिलं होतं. सुमनला लग्नाआधी कसं आणणार, म्हणून तिची आई, चुलते रामाशेठ आणि चार बायका आल्या. दादानं त्यांना पहिल्या बाकावर बसवलं, लिंबू-सोडा दिला. मागे कामगारांची खच्चून गर्दी. शिट्ट्या काय, टाळ्या काय. कॅसेट सुरू झाली आणि चारही बाप्ये चिंधीचे केस झटकत पडद्यावर आले.

कुणीच हसलं नाही.

नकलेवर हसायचं तर मूळ माणूस ठाऊक हवा, हे त्या चौघांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या विलायती बँडची कॅसेट त्यांनी इतक्या वेळा बघितली होती की सगळी भिवंडी ती बघून बसली आहे असं ते धरून चालले होते. दादा त्या गायकासारखा गुडघ्यावर घसरत गेला, मागून एकजण काळजीनं म्हणाला, "अरे, गिर गया." सगळे जण केस झटकायला लागले तेव्हा दुसऱ्यानं विचारलं, "ये लोग इतना सर क्यों झटक रहे हैं? जुएं पड़ी हैं क्या?" त्यावर मात्र हॉल हसला. पहिल्या अर्ध्या तासातला तो एकमेव हशा, आणि तोही सिनेमाच्या बाहेरचा.

त्याहून वाईट पुढे होतं. संवाद कुणाला ऐकूच येईनात. सगळं शूटिंग कारखान्याच्या अंगणात, शिफ्ट चालू असताना झालेलं. शूटिंग करणाऱ्याचं दुकान लूमसमोर, काम करणारे लूमवाले, ऐकणारे लूमवाले. तो खडखडाट कॅमेऱ्याला ऐकू जातो हे त्यांच्यापैकी एकालाही कळलं नव्हतं. आमच्या कानांनी सोडून दिलेला आवाज कॅसेटनं मात्र इमानानं भरून घेतला होता. पडद्यावर माणसं तोंडं हलवताहेत आणि ऐकू येतंय नुसतं खटखट खटखट. एक म्हातारा कामगार उठला. "छुट्टी के दिन भी लूम ही सुनना है तो डबल ड्युटी क्या बुरी थी," म्हणाला आणि निघून गेला. त्याच्यामागे आणखी बरेच गेले. दादाची कानशिलं लाल झाली होती. अन्वरभाई दाराशी उभे राहून रुमालानं मान पुसत होते.

आणि मग हळदीचा सीन आला. तो शुक्रवारी घेतलेला. खडखडाट एकदम थांबला, हॉलमध्ये शांतता झाली, आणि त्या शांततेत आईचा आवाज आला. सगळ्या सिनेमात स्वच्छ ऐकू येणारी तेवढी एकच गोष्ट होती. एकेक देव, एकेक माणूस, एकेक अक्षर. दत्तूला हळद लागते, चमेली सून येते. पडद्यावर उंबराची डहाळी, सवाष्णींचे हात, दादाचं पिवळं अंग. पहिल्या बाकावरच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. तेवढ्यात रफिकचा पदर घसरला, मिशी दिसली, आणि उरलेले कामगार खदखदा हसले. बाकं बडवली. ज्या हशासाठी त्या चौघांनी एवढा आटापिटा केला तो त्यांना अखेर मिळाला, आणि तो बरोबर आईच्या धवल्यावर मिळाला. आई माझ्या शेजारी बसली होती. तिनं पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला. सुमनची आई उठली, तिच्यामागे बाकीच्या उठल्या, आणि रामाशेठ दादाला नुसतं एवढंच म्हणाले, "येतो आमी. उद्या बोलू."

दुसऱ्या दिवशी ते घरी आले. पलीकडे लूम चालू होते, त्यामुळे सगळं बोलणं मोठ्यानं झालं, आणि आळीनं ऐकलं. सुमनची आई बाजल्याच्या कडेला बसली होती. पाण्याला तिनं हात लावला नाही.

"मांडव खरा, हळद खरी, सवाष्णी खऱ्या, धवला खरा," ती म्हणाली. "पोराचं एक लगीन लागलं. आता माझी पोरगी दुसरेपनाची म्हनून उभी करू?"

"अवो, सिनेमा होता तो," दादा म्हणाला. "चमेली न्हायच कोन. तो आमचा रफिक हाय."

"मंग त्या रफिकची सोडचिठ्ठी आना," रामाशेठ गरजले.

आज हे लिहिताना मला हसू येतं. तेव्हा कुणीच हसलं नाही, कारण ते मस्करी करत नव्हते. बातमी कळताच रफिक खरंच पळत आला आणि दारात उभा राहून हात जोडून म्हणाला, "मैं लिख के देता हूँ चाचा, मेरा इनसे कोई रिश्ता नहीं." अन्वरभाई आले. त्यांचे डोळे सुजले होते. त्यांनी कॅसेट बाजल्यावर ठेवली. "मैं पूरा सीन काट देता हूँ. कहो तो जला देता हूँ."

"क्यासेटातून काढशील," सुमनची आई म्हणाली. "मांडवातून कसा काढशील?"

मी शिकलेली मुलगी, दहावीला बसलेली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की हे सगळं खुळचट आहे. पण मी आईकडे बघितलं आणि माझं तोंड बंद झालं. सुमनच्या आईशी ती आतून सहमत होती. चारचौघांत तिची लाज गेली होती ते एक दुःख होतंच, पण त्याहून मोठी भीती तिला ही होती, की आपण ज्यांना बोलावलं ते खरोखर आले असतील. ते येऊन बसले असतील आणि त्यांनी आपल्या पोराला मिशीवाल्या नवरीबरोबर नाचताना बघितलं असेल.

बोलणी पुष्कळ दिवस चालली. दादा ड्युटीला जाईना, दाढी वाढवून तळ्याच्या काठी बसून राही. सुमननं जेवण सोडल्याचं कशेळीहून कळलं. आई भाकऱ्या थापायची आणि त्या तशाच झाकून ठेवायची. शेवटी सुमनची आई पुन्हा आली, या वेळी एकटी. पोरीच्या हट्टापुढे तिचं काही चालत नव्हतं. तिनं एकच अट घातली.

"हळद पुन्ना लागंल. पन धवला आमची धवलारीण गाईल. ज्या तोंडानं चमेलीला नवरी केली त्या तोंडानं माझ्या सुमनला करायची न्हाय. तुमी मांडवात गायचं न्हाय."

दादा ताडकन उठला. "मंग मला लगीनच नको."

"गप बस," आई म्हणाली. "पोरीनं काय केलंय?" आणि विहीणबाईंकडे वळून, "न्हाय गानार. शब्द देते."

तिनं एवढ्या पटकन होकार दिला की सुमनच्या आईलाच ओशाळल्यासारखं झालं. उठताना ती पाणी पिऊन गेली.

कुणाकुणाला वाटतं, आईचा आवाज त्या कॅसेटवर तरी राहिला असेल. माझी भाची तर मला मोबाईल पुढे करून विचारते, आत्या, कुठेतरी टाकलेला असेल ना तो सिनेमा? नाही. अन्वरभाईंनी कशेळीच्या माणसांदेखत ती कॅसेट पुसली आणि तिच्यावर कुणाचं तरी बारसं भरलं.

वैशाखात मांडव उभा राहिला. हळद आमच्या अंगणात, दुपार कलल्यावर. कारखान्याच्या मालकानं त्या दिवशी आपण होऊन लूम बंद ठेवले. चुलाणावर वड्यांची कढई, मटणाचा वास आळीभर. कशेळीहून त्यांची धवलारीण आली, पार वाकलेली म्हातारी, बरोबर रामाशेठ, विहीणबाई आणि त्यांच्या बायका, थोड्या आनंदानं आणि थोड्या पहाऱ्याला. आई मांडवाच्या बाहेर, चुलाणापाशी उभी राहिली. गावातल्या बायका तिच्याकडे बघायच्या आणि नजर वळवायच्या. ज्या बाईनं आळीतल्या प्रत्येक घराची हळद गाऊन लावली, ती स्वतःच्या लेकाच्या हळदीला वडे तळत होती. मला त्या दिवशी सगळ्यांचा राग आला होता. दादाचा तर फारच.

म्हातारीनं धवला सुरू केला. चाल आमच्यापेक्षा वेगळी, नाकातली, पण बाई पक्की होती. दोन्ही गावांचे देव तिनं बोलावले. मग ती थांबली आणि म्हणाली, "घरची मानसं सांगा."

ही नावं घरातलं मोठं माणूस सांगतं. काकांनी आजोबांचं सांगितलं, पणजोबांचं सांगितलं, आणि पुढे अडकले. बायकांची नावं तर त्यांना एकही येईना. ती सगळी आईच्या तोंडात होती. मांडव थांबला. दादाच्या अंगावरची हळद सुकायला लागली. त्यानं मान वळवून चुलाणाकडे बघितलं.

"आये, सांग ना."

आई हलली नाही. तिनं विहीणबाईंकडे बघितलं. सुमनची आई खाली बघत म्हणाली, "बोला ना विहीणबाई. गायचं न्हाय बोलले मी. बोलायला कोन अडवतंय?"

आई झारा ठेवून पुढे आली, मांडवाच्या कडेला उभी राहिली आणि सांगायला लागली. गात नव्हती ती. बाजारात भाव सांगावा तशा कोरड्या आवाजात एकेक नाव सांगत होती, आणि म्हातारी ते घेऊन आपल्या चालीत गात होती. खरसुले म्हणून एक पणजी होती, चांगुणा होती, लहानपणीच गेलेली एक आत्या होती. मग आई थांबली. आता वडिलांचं नाव होतं, आणि आता तिला गाता येत नव्हतं. साध्या बोलण्यात तिनं ते उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. काकांनी तोंड उघडलं तसा तिनं हात वर करून त्यांना थांबवलं.

"काशिनाथ," ती म्हणाली. मग म्हातारीच्या अगदी जवळ गेली. तिच्या मनात काय होतं ते मला त्या क्षणी समजलं. तिनं त्यांना एकदा बोलावलं होतं. ते येऊन गेले होते. आता पुन्हा कसे येतील?

"त्यांना सांगा," आई म्हणाली, "मागल्या खेपेला पोरांनी मस्करी केली. माझं चुकलं म्हनावं. आज खरं हाय. राग नको, या."

म्हातारीनं आईकडे नीट बघितलं. असं काही धवल्यात नसतं. कुणी गात नाही. पण तिनं डोळे मिटले आणि आईचे शब्द जसेच्या तसे उचलले, खाडीकडे तोंड करून, आपल्या त्या नाकातल्या चालीत. काशिनाथ, मागल्या खेपेला मस्करी झाली, आज खरं हाय, राग नको, या. तिनं ते पुन्हा पुन्हा गायलं. सवाष्णींचे हात ताटातच राहिले. दादा ढसाढसा रडत होता, आणि विहीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला होता. आई तशीच उभी होती. तिनं शब्द दिलेला होता. तिलाही रडू फुटलं होतं, पण ते सुरात बाहेर पडेल या भीतीनं तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबून धरला होता.